दगड जागेवर नाही

पहिला नकार एका ओळीचा होता.
"सदर जागा अभयारण्यालगत असल्याने परवानगी देता येत नाही."
खाली सही. सहीवर शिक्का, त्याची शाई अर्धीच उमटलेली.
डिगंबर फिरके तो कागद
केळीच्या पावत्यांच्या बॅगेत घालून वर्षभर फिरले,
यावल, जळगाव, नाशिक,
मग खंडपीठ.

खंडपीठ म्हणालं, कारण कुठाय?
नुसतं नाही म्हणून भागत नाही.
आदेश रद्द. फेरविचार करा.

मोहपाणीत त्या रात्री लड लागली,
कड्याखालचे मोर उजाडेपर्यंत ओरडत राहिले.
आठ खोल्या, एक मोठा हॉल,
काट्याकुट्यांवर वांगी भाजायला वेगळं अंगण,
असा नकाशा होता म्हणे.
फिरकेंनी जोत्याचे दगड आणून टाकले.

दुसरा नकार अकरा पानांचा आला.
कलमं, परिपत्रकं, राजपत्राची तारीख,
अस्वलाचं लॅटिन नाव,
आणि सातव्या पानावर मधोमध
हद्दीपासून सत्त्याऐंशी मीटर.
हवे होते शंभर.
तेरा मीटर कमी,
म्हणजे केळीच्या आठ ओळी.
त्या आठ ओळींसाठी दुसरी याचिका,
आणि ते तेरा मीटर मोजायला
मी.

हुसेन तडवी तिपाई खांद्यावर घेऊन पुढे,
मागे मी, छत्री मशीनवर धरून, ऊन माझ्यावर.
जुन्या टिपणात लिहिलं होतं,
हद्द कवटीच्या नाल्याच्या उत्तर काठाने.
आम्ही पोचलो तिथे नाला नव्हता.
"पुरात हलला, ताई," हुसेन म्हणाला,
शेजाऱ्यानं बिऱ्हाड हलवलं तसं.
जुन्या पात्रात टाकळा माजलेला,
त्यातून ठिबकच्या काळ्या नळ्या.
टिपणातल्या नाल्यापासून मोजलं, एकशे नऊ.
वाहत्यापासून सत्त्याऐंशी.
दोन्ही बरोबर.
दोनदा मोजलं.

फिरके बांधावर उभे, टोपी काढून वारा घेत.
"जमीन माही, सातबारा माहा,
मंग नाही म्हननारं कोन व्हय?"
त्यांनी मला विचारलं, का वरच्या अंजनांना, कळलं नाही.
मी मशीनचा बुडबुडा मध्यावर आणत होते.

कोर्टात दुपारनंतर पुकारा झाला.
"नाला कुठला धरायचा?"
त्यांचे वकील म्हणाले, कागदावरचा.
सरकारी वकील म्हणाले, पाणी आहे तो.
"पाणी असतं का?"
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"होळीपर्यंत असतं, साहेब."
कुणीतरी हसलं. फिरके नाही हसले.
"तीन गावांच्या तिवड्यावर दगड असेल ना? तो मिळाला?"

दगड जागेवर नाही, मी म्हणाले.
अहवालातही तेच आहे, परिच्छेद चार.
खोटं त्यात काही नाही.

जे विचारलं नाही ते असं.
वस्तीच्या हातपंपाशी जैतूनबाई गोधडी आपटत होती.
मी पाणी प्यायला वाकले
तर फेसाखाली फुली दिसली,
छिन्नीनं घातलेली, कडा अजून धारदार,
बाजूला बाण, उत्तरेकडचा,
आता तो पंपाकडे दाखवत होता.
"सासूच्या आधीपासनं हितंच हाये," ती म्हणाली.
"लई चांगला. कपडा फाटत नाही."
हुसेननं माझ्याकडे पाहिलं, मी हुसेनकडे.
उचललेला दगड काय सांगणार?
एवढंच की कुणीतरी उचलला.
तो कुठे होता हे ना मशीन सांगतं, ना बाई.

निकाल राखून ठेवलाय.
जोत्याच्या दगडांत घोरपड राहते, हुसेनचा फोन आला होता.
नाल्याला यंदा पाणी बरं आहे,
आणि दक्षिणेचा काठ थोडा
ढासळलाय.

त्या दिवशी निघताना जैतूनबाईनं विचारलं होतं,
"न्यायचा का हा? सरकारी हाये काय?"
तिनं गोधडी पिळून खांद्यावर टाकली होती,
दगड मोकळा करून, वाट पाहत.
मी म्हटलं, राहू दे.
तिनं लगेच दुसरी भिजवली.